लक्ष्मीबाईंच्या गळ्याची शपथ

आईचं इन्सुलिन फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात असतं आणि शेजारी स्टीलच्या पेल्यात तिची सुई. सुई म्हणजे सिरिंजच, पण आमच्याकडं सगळे तिला सुईच म्हणतात. तीही एकच. एक सुई आठवडाभर चालवायची हा आईचा नियम, आणि आमच्या घरात आईचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "टोक शाबूत हाय तवर फेकायची कामून? दर खेपेला नवी घ्यायला आपण काय निजामाच्या घरचे हाव का?" असं ती विचारते. मी पुष्कळदा भांडले. माझी जीभ तिखट आहे हे अख्खं देगलूर सांगेल, पण आईपुढं माझी डाळ शिजत नाही.

त्या शनिवारी सकाळी ती नेहमीसारखी स्वयंपाकघरात पाटावर बसून माझी वाट बघत होती. इंजेक्शन मी देते, मग ती भाकरी खाते, मग मी माझ्या कामाला, ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात जाते. मी पेल्यातली सुई उचलली आणि औषध भरताना नीट दिसावं म्हणून खिडकीच्या उजेडात धरली. नळीच्या आत, सुईच्या बुडाशी, एक लाल रेघ होती. केसाएवढी बारीक.

"आज जरा हळू टोच गं," आई म्हणाली. "काल लई दुखलं."

इतक्या वर्षांत आईच्या सुईत असं रक्त कधी मागं आलं नव्हतं. ते तिचं नव्हतंच. कुणाचं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माझा धाकटा भाऊ राजशेखर, आमचा राजू, हैदराबादला हॉटेलात नोकरीला होता. मागच्या उन्हाळ्यात परत आला तो असा वाळून, की दारात उभा असताना आईनं आधी त्याला ओळखलंच नाही. हैदराबादचं पाणी बाधलं, असं तिनं ठरवून टाकलं आणि त्याला दूध-तूप सुरू केलं. तो नशेची इंजेक्शनं घेतो हे मला लवकरच कळलं. आईला सांगायची माझी छाती झाली नाही. आपलेच दात आपलेच ओठ, करणार काय! निदान तो स्वतःची सुई मेडिकलमधून आणतो, दुसऱ्याची वापरत नाही, एवढ्यावर मी मन घट्ट करून होते. महिन्यापूर्वी तेही बंद झालं. आणि बंद केलं आमच्या आईनंच.

त्याचं असं झालं. आमच्या गल्लीतल्या शिल्पाचा नवरा बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात मेलेला सापडला. सुई दंडातच होती. आई बचत गटाची अध्यक्ष. ती पेटून उठली. बायका जमवल्या आणि गावातल्या एकूण एक मेडिकलवर मोर्चा नेला. आईचा अर्ज-निवेदनांवर विश्वास नाही, शपथेवर आहे. प्रत्येक काउंटरपुढं उभं राहून तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाली, "डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर सुई विकलीत, तर माझ्या गळ्याची शपथ हाय." आमच्याकडं याच्यावर कोर्ट नाही. अशी शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची, त्याच्या जिवावर येतं. आणि घालणाऱ्यानं स्वतः 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. दुकानदारांनी माना खाली घालून शब्द दिला. आई तेवढ्यावर थांबली नाही. साखरेच्या पेशंटला चिठ्ठीवर आठवड्याला एकच सुई, हेही तिनं ठरवून दिलं. "मला पुरते, तर बाकीच्यांना पुरायला काय झालं?" बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पाळीपाळीनं दुकानांपुढं पहाऱ्याला बसू लागल्या.

"आई, सुई हातातून पडली," मी म्हणाले. "नवीन घेऊन येते."

"फडक्यानं पूस अन् दे तीच. मला चक्कर येऊ लालीय."

"वाकली गं ती."

"मंग सरळ कर. बुधवारशिवाय नवीन मिळत न्हाई. मीच नियम केला अन् मीच मोडू का?"

मी सुईला टोपण लावलं, ती मुठीत धरली आणि गच्चीवर गेले.

राजू पाण्याच्या टाकीच्या सावलीत अंग मुडपून बसला होता. घामानं भिजलेला, नाक वाहतंय, पाय जागेवर ठरत नाहीत. मी मूठ उघडून त्याच्यापुढं धरली.

"ही तू घेतलीस?"

"परवापासून घेतोय, अक्का. दर खेपेला गरम पाण्यानं धुऊन ठिवली."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं हातसुद्धा वर केला नाही.

"आईची सुई, राजू? आईची?"

"मंग कोणती घेऊ?" त्याचा आवाज फाटला. "मेडिकलवाले हुबं करून घेत न्हाईत. आमच्या तिघांत एकच सुई फिरून राहिली. त्यातला एक जण पिवळा पडलाय, डोळे हळदीवानी झालेत. मला ती घ्यायचं भ्याव वाटलं. आईची तर साफच असंल म्हणलं."

"अन् त्याच्या आधी ती पिवळ्याची सुई तू घेतली होतीस का न्हाई?"

त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं. म्हणजे त्या पोराचं रक्त राजूच्या अंगात, आणि राजूचं कालच्या इंजेक्शनातून आईच्या.

"आईला काही होईल का, अक्का?"

"हे घ्यायच्या आधी विचारायचं होतंस."

"तिला सांगू नको. सांगितलंस तर मी हैदराबादची बस धरतो, परत तोंड दाखवणार न्हाई." मग खाली बघत तो म्हणाला, "दुपारपत्तर मला घ्यावंच लागतंय. न घेता ऱ्हाऊन बघितलं, जीव जातो गं. कुठून तरी एक आणून दे. न्हाई तर मी तीच तिघांतली घेतो."

मला त्याला गच्चीवरून ढकलून द्यावंसं वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच न करता मी जिना उतरले. नांदेडला जाऊन सुया आणता आल्या असत्या, पण परत येईपर्यंत दुपार टळली असती. आणि खाली आई उपाशी बसली होती.

जुन्या बसस्टँडसमोर पाशामियाँचं मेडिकल आहे. पाशामियाँ गल्ल्यावर बसतात आणि औषधं त्यांचा मुलगा अरीब देतो. अरीब शाळेत माझ्या वर्गात होता, पुढं फार्मसी शिकून आला. दुकानाच्या पायरीशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर शिल्पा बसली होती. त्या दिवशी पहाऱ्याची पाळी नेमकी तिची.

"अरीब, आईची सुई वाकली. नवी दे." मग आवाज दाबून मी म्हणाले, "एक नको, डबाच दे."

अरीबनं माझ्याकडं बघितलं. तो हुशार आहे, त्याला कळलं. त्याचा हात मागच्या कप्प्याकडं गेलाही.

"ठैर," पाशामियाँ म्हणाले. "बेटी, लक्ष्मीबाईंची सुई बुधवारी गेली. डबा कशापायी?"

"घरात पायजे, चाचा."

"घरात कोणाला?"

शिल्पानं मान वर केली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"चाचा, तुमी औषधाचं दुकान चालवता का पोलीस चौकी?"

"तोंड चालवू नको. मी जबान दिली हाय." पाशामियाँ रागावले नव्हते, घाबरले होते. "ही शपथ तुझ्या आईच्या गळ्याची हाय. मी सुई दिली अन् उद्या लक्ष्मीबाईंना काही झालं, तर अल्लाला काय तोंड दाखवू? तू तिची पोर असून मला हे करायला सांगायलीस?"

सुई दिली तर आईच्या जिवाला धोका, असं ते धरून बसले होते, आणि सुई न मिळाल्यामुळंच तिच्या जिवावर आलं होतं. ओरडून सांगावंसं वाटलं. पण शिल्पा कान देऊन ऐकत होती. तिला कळलं म्हणजे आईच्या आधी गावाला कळणार.

"अब्बा, मी पहिल्या दिवशीच बोललो होतो," अरीब चिडून म्हणाला. "सुई एकदाच वापरायची असते. आठवड्याला एक कसली! अन् नशेचं औषध कोण विकतंय, त्याला कोणी हात लावत न्हाई. रोग रेड्याला अन् औषध पखालीला!"

"गप. ज्यानं शपथ घातली त्यानं सोडवावी. लक्ष्मीबाईंनी इथं येऊन सुटली म्हणावं, मी अख्खं कपाट मोकळं करतो."

अरीब पायरीपर्यंत माझ्यामागं आला. "राजूच ना?" त्यानं हळूच विचारलं. मी मान डोलावली. "उशीर करू नको, पुनम. अन् ती सुई काकूंना अजिबात टोचू नको."

घरी आले तेव्हा आई पाटावरून सरकून भिंतीला टेकली होती. डोळे मिटलेले, ओठ कोरडे, शेजारी झाकून ठेवलेली भाकरी.

"मिळाली का?"

"न्हाई."

"मी सांगितलं होतं. आण तीच." तिनं पोटावरचं लुगडं बाजूला केलं.

सुई अजून माझ्या मुठीतच होती. मी मूठ पाठीमागं नेली. आई पोट उघडं टाकून माझ्याकडं बघत बसली. "दे म्हणते ना. अंधारी येऊ लालीय मला."

"आई, ही सुई राजूनं वापरलीय."

"राजूला कुठं साखर हाय?"

त्या प्रश्नानं माझा धीर सुटला. मी तिच्यापुढं फरशीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. हैदराबादचं पाणी, दूध-तूप, तिघांतली सुई, पिवळा पडलेला तो पोरगा, नळीतली लाल रेघ. सांगताना मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. ती ऊर बडवील, मला झोडपील, धावत गच्चीवर जाईल, असं मला वाटत होतं. तिनं लुगडं नीट केलं आणि वर छताकडं बघितलं.

"वर हाय का तो?"

"हाव. तुला कळलं तर हैदराबादला पळून जातो म्हणाला."

आई भिंतीला धरून उठली. जिन्याच्या दाराला तिनं बाहेरून कडी घातली. मग चपला पायात सरकवल्या.

"औषधाची बाटली संगं घे," ती म्हणाली. "चल."

वाटेत तिनं मला हात धरू दिला नाही. लोक "काय काकू, सकाळी सकाळी कुठं?" म्हणून विचारत होते आणि ती प्रत्येकाला "जरा मेडिकलपत्तर" म्हणून उत्तर देत होती. मी तिच्या मागं चालत होते. ती कधी कोसळते आणि मी कधी झेलते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुकानापुढं आता गिऱ्हाइकं जमली होती. शिल्पा लगबगीनं उठली. "बसा काकू." आई बसली नाही. काउंटरला दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"पाशाभाई, मी शपथ सोडवायला आले."

पाशामियाँ गल्ल्यावरून उठले. "घरातली बात असंल तर आत येऊन सांगा, बाई."

"घालताना रस्त्यावर घातली. सोडवायची बी रस्त्यावरच." तिनं गळ्याला हात लावला. "माझा राजशेखर नशेची सुई घेतो. तुमी दिली न्हाई म्हणून त्यानं माझी घेतली. चूक तुमची न्हाई, माझी हाय. शपथ सुटली. समद्या दुकानांना सुटली. जो मागंल त्याला सुई द्या, चिठ्ठी इचारू नका."

एक गिऱ्हाईक औषध न घेताच निघून गेलं. बाकीचे जागच्या जागी उभे राहिले, ऐकायचंही होतं आणि ऐकतोय असं दाखवायचंही नव्हतं.

"वा काकू!" शिल्पाचा आवाज एवढा चढला की समोरच्या चहावाल्यानं मान वळवली. "माझा माणूस मेला तवा तुमीच म्हणला होता, आता एक बी सुई विकू द्यायची न्हाई. आज तुमच्या पोराची येळ आली तर सुटली व्हय?"

"हाव," आई म्हणाली. "माझ्या पोराची येळ आली तवा मला कळलं. तुला काय बोलायचं ते बोल, मी ऐकते. पण तुझा माणूस सुईनं न्हाई मेला गं, तिच्यातल्या औषधानं मेला. ते अजून बी मिळून राहिलं. मी सुई तेवढी बंद केली, अन् ती माझ्याच फ्रीजात निघाली."

शिल्पा रडायला लागली, लहान पोरीसारखी, हुंदके देत.

"मला ठावं होतं, काकू. राजू माझ्या माणसासंगंच असायचा. पण गावात तुमी एकट्याच माझ्या पाठीशी हुब्या राहिलात. तुमाला कोणत्या तोंडानं सांगू?"

मला तिचा असा संताप आला की तिच्या झिंज्या धराव्यात. मग आठवलं, मीही तर सांगितलं नव्हतं. आईनं डोळे मिटले आणि ती एका बाजूला झुकली. मी पुढं व्हायच्या आत शिल्पानंच तिला धरलं आणि स्टुलावर बसवलं.

अरीबनं डबा फोडला. कपाटाच्या आडोशाला मी नवी सुई भरली आणि आईच्या पोटात टोचली. ती वाट बघत राहिली.

"टोच की."

"टोचली, आई."

"कळलंच न्हाई." ती माझ्याकडं आश्चर्यानं बघायला लागली. आठवड्यातला नव्या सुईचा एक दिवस सोडला तर इतकी वर्षं ती बोथट सुया पोटात खुपसून घेत होती आणि इंजेक्शन म्हणजे दुखायचंच, असं समजत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाशामियाँनी आतून बिस्किटाचा पुडा आणून तिच्या हातात ठेवला आणि पाठ फिरवून चष्मा पुसत उभे राहिले. अरीब म्हणाला, दोघांचं रक्त आजच तपासून घ्या, उद्यावर टाकू नका.

घरी आल्यावर आईनं जिन्याची कडी स्वतः काढली. मी मागं थांबले. राजू दाराशीच होता, तिला बघून दोन पायऱ्या मागं सरला. आईनं सुयांची पिशवी त्याच्यापुढं धरली.

"ह्या तुझ्या. माझ्याला हात लावायचा न्हाई, दुसऱ्याची घ्यायची न्हाई. राहिलेल्या त्या दोघांना नेऊन दे." तिला दम लागला होता. "काय करायचं ते कर अन् खाली ये. दवाखान्यात जायचंय."

तो पिशवी घेऊन वर गेला. आई जिन्यावरच बसली, गच्चीकडं पाठ करून. वरून काही आवाज येत नव्हता. मी तिच्याशेजारी बसले. तिनं माझा हात धरला आणि तो खाली येईपर्यंत सोडला नाही.

सरकारी दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीत एक समुपदेशक बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या; रक्तही त्याच घ्यायच्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आज काही निघालं नाही तरी तीन महिन्यांनी पुन्हा यायचं, असं त्यांनी सांगितलं. कावीळ निघाली तर तिच्यावर गोळ्या आहेत. नशा सोडायची असेल तर नांदेडला पाठवायची सोय करता येईल. राजू भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता.

"मावशी, तुम्ही या आधी," बाई म्हणाल्या.

आई उठली नाही. दवाखान्यात आल्यापासून तिच्या मनात काहीतरी घोळत होतं, ते मला दिसत होतं. सारखा पदर बोटाला गुंडाळत होती.

"आधी त्याचं बघा," ती म्हणाली. "बाई, ती सुई माझी होती. बुधवारपासून मी वापरल्याली. त्यात माझं रगत असंल, माझी साखर असंल. माझ्यामुळं पोराला काही झालं तर न्हाई ना?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मावशी, धोका तुम्हाला त्याच्यापासून आहे. उलटं आहे ते."

"उलटं कसं असंल?" आई म्हणाली. "आई मी हाय त्याची."

राजूनं मान वर केली. तो पुढं आला, खुर्चीवर बसला आणि बाही वर सारून त्यानं हात टेबलावर ठेवला. सुयांच्या काळ्या खुणांतून बाई कितीतरी वेळ शीर शोधत राहिल्या. आई त्या हाताकडं बघत होती.